नीला अरबी समुद्रावर, मी विक्रोळीला

लोक काश्मीरला जातात, केरळला जातात आणि परत आले की लिहितात. बोरिवली, विक्रोळी आणि साकीनाका असा प्रवास करून कोणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. तो मी केला, आणि ज्या आठवड्यात केला त्याच आठवड्यात माझी मैत्रीण नीला संशोधनाच्या बोटीवर अरबी समुद्रात होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे काही आंबट लागलं तर वाचणाऱ्याला कारण शोधत बसायला नको.

आम्ही दोघी अंधेरीच्या एका कार्यालयात समुद्राच्या वरच्या थराचं तापमान अभ्यासतो. समुद्र दिवसा तापतो, रात्री निवतो, उन्हाळ्यात तापतो, थंडीत निवतो, एवढं कोणीही सांगेल. आमचा प्रश्न वेगळा होता. याहून सावकाश, दहा-पंधरा वर्षांच्या चालीने तो तापतो आणि निवतो का? ते कळायला खूप वर्षांचे आकडे लागतात आणि असे आकडे फक्त जुन्या मालवाहू जहाजांच्या नोंदवह्यांत होते. जहाजावरून ठरावीक वेळी समुद्रात बालदी सोडायची, पाणी वर ओढायचं, त्यात थर्मामीटर बुडवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. अशा तीस वर्षांच्या वह्यांमधला एकेक आकडा मी कार्डांवर उतरवला. त्यात माझी चार वर्षं आणि चष्म्याचे दोन नंबर गेले.

त्या आकड्यांतून नीलाने ऋतूंचा चढउतार वजा केला, उरलेल्याची सरासरी काढली आणि आलेखाच्या कागदावर एक रेघ ओढली. रेघ हळूच खाली गेली, हळूच वर आली, पुन्हा खाली गेली आणि शेवटी चांगलीच वर चढली. आमचे साहेब त्या रेघेकडे लोक गणपतीकडे बघतात तसे बघत राहिले. मग बोटीवर एक जागा आली. वरच्या शंभर-दोनशे मीटरांतलं पाणी मोजायला जायचं होतं. यादीत माझं नाव पहिलं होतं.

"रेघ नीलाची आहे, तर नीला जाऊ दे," साहेब म्हणाले. "तू असं कर, काही वह्या मिळत नाहीयेत. रिटायर झालेल्या लोकांनी घरी नेल्यात. तू जरा उपनगरं करून ये."

नीलाने मला मिठी मारली. "पुढच्या वेळी तू यार, नक्की," म्हणाली. मी हसले. त्या हसण्याने माझे गाल दोन दिवस दुखत होते. आमच्या दोघींत मिळून बढतीची एकच जागा होती आणि ती या रेघेवर ठरणार होती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

सोमवार, बोरिवली

गाडीचं वर्णन करत नाही, ती सगळ्यांनी पाहिली आहे. बोरिवलीला पूर्वेला उतरून डोंगराच्या बाजूला चालत गेलं की अजून काही बंगले आहेत, आंबा आणि फणस असलेले. त्यातल्या एकात एक निवृत्त कॅप्टन राहतात. दाराला बेल नाही, जहाजाची पितळी घंटा आहे. मी ती जरा जोरातच वाजवली, कारण त्या वेळी नीलाची बोट बंदराबाहेर पडत असणार होती.

कॅप्टनसाहेबांच्या घरात सगळं भिंतीला काटकोनात. बाराच्या ठोक्याला जेवण, आणि पाहुण्याला भूक आहे का हे विचारायची पद्धत नाही. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत "चहा घेणार का?" असं विचारतात आणि उत्तर "नको" यावं अशा बेताने विचारतात. इथे हुकूम सुटला आणि मी डाळभात, पापलेट आणि कस्टर्ड असं मुकाट्याने जेवले. जेवताना त्यांनी एडनचं पाणी, मोंबासाचं पाणी, लंकेजवळचं पाणी अशी रंगांची वर्णनं केली. मी मान डोलावत होते आणि मनात नीलाला त्या प्रत्येक पाण्यावर उभी करून जळत होते. मी स्वतः समुद्र पाहिलाय तो वर्सोव्याचा, तोही भेळ खाताना.

वह्या मिळाल्या, अकरा. वाळवी लागलेली नव्हती. निघताना सहज विचारलं, "बालदी टाकून मोजायचं कसं, सर? म्हणजे नेमकं कसं?"

कॅप्टन चक्क गोंधळले. "बालदी? आयुष्यभर जहाज चालवलं मी, बालदीला हात नाही लावला. ते काम सुकाण्याचं. आमचा पेडणेकर होता ना, चाक धरायचा, तोच बालदी टाकायचा. विक्रोळीला असतो. दर दिवाळीला येतो अजून."

त्यांनी एका कोऱ्या कागदावर पत्ता लिहून दिला आणि उत्तर दिशेचा बाण काढायला विसरले नाहीत.

मंगळवार, विक्रोळी

अंधेरीहून विक्रोळीला बसने गेलं की मध्ये पवईचं तळं लागतं. फेब्रुवारी होता, काठावर बगळे उभे होते, पलीकडे खाणींची धूळ. ज्यांना विमानाने, बोटीने कोणी पाठवत नाही त्यांनी या बसच्या डाव्या खिडकीत बसावं, जागा मिळाली तर. मला मिळाली नाही.

पेडणेकरांची चाळ कारखान्याच्या मागच्या अंगाला आहे, आणि तिच्याही मागे खाडी आणि तिवरं. वारा येतो तो चिखलाचा आणि मिठाचा वास घेऊन. तात्या पेडणेकर गॅलरीत लुंगी लावून बसले होते. सत्तरीचे, पण मनगटं अजून दोरखंड ओढणाऱ्या माणसाची. मुलगा आणि सून सुमन दोघं कारखान्यात, त्या दिवशी सुमनची दुसरी पाळी असल्याने ती घरी होती.

"खंयसून इलंस गो बाय?"

"अंधेरीहून. कॅप्टनसाहेबांनी पाठवलंय. समुद्राच्या तापमानाचं काम आहे."

"मगे आधी पाणी पी. उन्हातून इलंस."

सुमनने तांब्या आणला. एक घोट घेतला आणि मी तांब्याकडे पाहिलं. माठाच्या पाण्याहून गार, आणि बर्फाचा टोचरेपणा नाही. मी घरी फ्रिज घ्यावा म्हणून दोन वर्षं नवऱ्याच्या मागे लागले होते, म्हणून विचारलं, "फ्रिज घेतलात?"

सुमन हसली. "कसला फ्रिज हो ताई! ती बघा ना, तात्यांची बालदी."

गॅलरीच्या टोकाला, खाडीचा वारा थेट लागेल अशी, जाड कॅनव्हासची एक लांबोडकी बालदी टांगलेली होती. वर ताटली झाकलेली. बाहेरून सगळी ओली आणि तळाशी थेंब.

"जहाजावरची ती," तात्या म्हणाले. "समुद्राचा पाणी मोजूची. कंपनीन रबराची जाड बालदी आणली तेव्हा ह्या फेकूक निघालले. मी दोन घरी आणलंय. छागलीसारखा काम करता बघ. कापडातून पाणी पाझरता, वारो लागता, पाणी गार."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. छागल मला कोणी समजावून सांगायला नको होती. ती पाण्याची कापडी पिशवी लहानपणी मामाच्या जीपला टांगलेली असायची आणि भर उन्हात त्यातलं पाणी प्यायला आम्ही भांडायचो. ज्या बालदीत पाणी आपोआप गार होतं, त्याच बालदीत तीस वर्षांतली कित्येक वर्षं समुद्राचं तापमान मोजलं गेलं होतं.

"तात्या," मी म्हटलं, "बालदी वर आली की लगेच थर्मामीटर बघायचात?"

"लगेच कसा बघतलंय? पारो बसाक नको? साहेबान सांगितल्यान होता, घाई करू नको. मी बालदी वर घेय, दोरी गुंडाळय, मगे एक बिडी पेटवय. बिडी संपली काय पारो बघूचो. एक दिवस चुकाक नाय." ते अभिमानाने बसले होते, आणि का बसू नये? "तुका एक सांगतंय. रबराची बालदी इली आणि दर्या गरम झालो. त्याच फेरीत. मी साहेबाक सांगितलंय पण. साहेब हसले."

मी पर्समधून कार्यालयाचा थर्मामीटर काढला. जुन्या वह्यांबरोबर एखादा जुना थर्मामीटर मिळाला तर ताडून बघायला नेला होता. सुमनने पिंपातून एकाच वेळी दोन बालद्या भरल्या, एक तात्यांची दुसरी कॅनव्हासची आणि एक घरातली प्लास्टिकची. दोन्हीत पारा एकच होता. मग दोन्ही वाऱ्यात ठेवल्या आणि तात्यांनी बिडी पेटवली. मी आयुष्यात कोणाच्या बिडीकडे इतक्या आशेने पाहिलं नाही.

बिडी संपली. प्लास्टिकच्या बालदीत पारा होता तिथेच. कॅनव्हासच्या बालदीत तो अर्ध्या अंशाहून जरा जास्तच उतरलेला. नीलाच्या रेघेतला शेवटचा मोठा चढ साधारण एका अंशाचा होता.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. इतका झाला की सुमनने घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ पुढे केली तेव्हा मी चार घावणे खाल्ले. जिच्यापायी मला बोटीवर जाता आलं नाही ती रेघ निम्मी तर बालदीची होती. नीला तिकडे बोटीच्या कठड्याला टेकून सूर्यास्त बघत असेल, आणि इकडे मी तिच्या सूर्यास्ताखालची फळी काढून हातात घेतली होती.

तात्यांनी एक बालदी मला देऊन टाकली. "तुझ्या साहेबाक दाखव. पण सुकवू नको. सुकली तर गळता. थोडा पाणी असू दे."

मंगळवारीच, साकीनाका

म्हणून मी परतीच्या बसमध्ये तळाशी पाणी असलेली कॅनव्हासची बालदी घेऊन चढले. पवईपर्यंत ती माझ्या साडीवर पाझरली, तिथून पुढे शेजारच्या गृहस्थांच्या पँटवर.

"ओ बाई, काय आहे त्यात? मासे?" कंडक्टर ओरडला.

"पाणी आहे."

"पाणी? बसमध्ये पाणी नेताय? ओता खिडकीतून."

"ओतता येत नाही. सुकली तर गळते."

"आता काय करतेय मग?"

सगळी बस हसली आणि मला साकीनाक्याला उतरावं लागलं. एका लेथच्या वर्कशॉपसमोर, लोखंडाच्या किसाच्या ढिगाशेजारी, मी बालदी धरून पुढच्या बसची वाट बघत उभी राहिले. आत यंत्रं किंचाळत होती. मी भाषण तयार करत होते: साहेब, एक बारीकशी गोष्ट नजरेला आली. कोणत्या वर्षी कोणती बालदी, हे वह्यांमध्ये असायलाच हवं होतं...

आणि तिथेच मला आठवलं की ते होतं.

वहीच्या पानावर अगदी उजवीकडे शेवटचा रकाना होता. त्यात दर ओळीला सी किंवा आर असं एक अक्षर, म्हणजे कॅनव्हास किंवा रबर. सुरुवातीच्या दिवसांत नीलाने विचारलं होतं, "वृंदा, हा शेवटचा रकाना पण उतरवायचा का गं?" आणि मी, रोज चारशे ओळी उतरवून वैतागलेली मी, म्हणाले होते, "कशाला? बालदी ती बालदी." तो वेळ वाचवल्याबद्दल साहेबांनी माझं कौतुकही केलं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझ्या घशात चार घावणे खवखवायला लागले.

बुधवार ते मंगळवार, अंधेरी

बुधवारी मी कार्यालयाच्या कोठीत जाऊन वह्या उघडल्या. सी, सी, सी, आणि ज्या वर्षी रेघ वर उसळते त्या वर्षापासून आर. मी वह्या बंद केल्या आणि कोणाला काही बोलले नाही.

नीला शनिवारी परत आली. पुढच्या शुक्रवारी ती बाहेरून आलेल्या मंडळींसमोर निबंध वाचणार होती. हवामान खात्यातले एक गृहस्थ येणार होते, आणि त्यांनी उमेदीची वर्षं जहाजांवरच्या नोंदी तपासण्यात घालवल्याचं साहेबांनीच सांगितलं. असा माणूस बालदीचं विचारणार नाही हे शक्यच नव्हतं. मला काहीही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. नीला सगळ्यांसमोर तोंडघशी पडली असती, आणि रकाना कोणी गाळला हे विचारायला कोणी कोठीपर्यंत गेलंही नसतं.

सोमवारी ती कार्यालयात आली. नाक सोललेलं, चाल अजून डुलती. "दोन दिवस नुसती ओकत होते गं, वाट लागली माझी," ती म्हणाली, आणि मग उडणारे मासे, निळं म्हणजे किती निळं, पाण्यात सोडलेलं उपकरण वर येताना होणारी धडधड. सगळे तिच्या टेबलाभोवती. मी लांबून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बोल, शुक्रवारपर्यंत बोल. हे लिहिताना मला लाज वाटते, पण वाटलं ते हेच.

मंगळवारी दुपारी ती माझ्या टेबलाशी आली आणि बुचाची एक छोटी बाटली ठेवली. "तुझ्यासाठी. तुला यायचं होतं ना. म्हटलं, तू नाही तर निदान पाणी तरी."

बाटलीला चिठ्ठी होती. वृंदासाठी. शंभर मीटर. तारीख, वेळ, जागा, तापमान. आणि खाली, शेवटच्या रकान्यात, कोणत्या भांड्याने पाणी वर काढलं त्याचं नाव आणि क्रमांक. भेट म्हणून दिलेल्या बाटलीवरसुद्धा तिने एक रकाना सोडला नव्हता.

"नीला, बस," मी म्हटलं. "तुझी रेघ चुकली आहे. माझ्यामुळे."

मी सगळं सांगितलं. बिडीसकट. ती चिठ्ठीशी चाळा करत ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी तुला विचारलं होतं ना गं तेव्हा?"

"हो."

"आणि हे तुला कधी कळलं?"

"मागच्या मंगळवारी."

तिने माझ्याकडे पाहिलं. शनिवार, रविवार, सोमवार तिने मनात मोजले असणार. मला वाटलं, आता ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली. "चल, वह्या काढ. तीन दिवस आहेत."

शुक्रवार

तीन दिवस आम्ही ओळीला ओळ लावून तो रकाना उतरवला. रोज आईचा उपमा ती डब्यातून दोघींसाठी आणायची आणि कामापलीकडे फारसं बोलायची नाही. कॅनव्हासच्या आकड्यांत बालदीने चोरलेला अंश परत घातला, तशी रेघ बदलत गेली. शेवटचा मोठा चढ निम्म्याहून खाली आला. पण आधीचा खालीवर होणारा सावकाश झोका तसाच राहिला, जरा बारीक, पण होता. ते बघताना नीला पहिल्यांदा हसली. मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, हिचं नशीबसुद्धा बघा, बालदी काढून घेतली तरी हिच्या हातात समुद्र उरतोच.

निबंध झाल्यावर पिकल्या केसांचे ते गृहस्थ उठले. अपेक्षेप्रमाणे विचारलं, "बालदी बदलली त्याचं काय केलंत?"

खरं सांगायचा तिला पूर्ण हक्क होता. साहेब पहिल्या रांगेत बसले होते, आणि जागा एकच होती.

"चांगला प्रश्न आहे, सर," नीला म्हणाली. "तो रकाना आमच्याकडून राहून गेला होता. वृंदा विक्रोळीला एका जुन्या सुकाण्याकडे गेली, बालदी बघितली, आणि तिच्या ते लक्षात आलं. त्यानंतर आम्ही सगळं पुन्हा केलं."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कोणीतरी टाळी वाजवली, मग इतरांनी. आणि मी टाळ्यांच्या मध्ये बसून तो 'आमच्याकडून' ऐकत राहिले.

बढती नीलाला मिळाली. मी पेढे खाल्ले, दोन. बोटीचा, उडणाऱ्या माशांचा, पदाचा हेवा मी करते, आणि तो अजूनही माझ्या पोटात अधूनमधून दुखतो. त्याची सवय आहे. पण माझी चूक आणि वर तीन दिवसांचं माझं गप्प बसणं पुरतं माहीत असताना, भरल्या सभेत 'आमच्याकडून' म्हणणं मला तिच्या जागी जमलं नसतं. हे मला नक्की माहीत आहे. तिच्यासारखं समुद्रावर जायला मला कधीतरी मिळेल. त्या एका शब्दापर्यंत कुठून जायचं हे मात्र मला कोणत्याच प्रवासात सापडलं नाही.

तात्यांची बालदी आता मुलुंडला आमच्या गॅलरीत टांगली आहे. परवा नीला आली होती, तेव्हा तिला त्यातलं पाणी दिलं. तिने पेला संपवून पुन्हा पुढे केला, आणि मी भरून दिला.